गंधकाचा जमाखर्च मांडायचा तर

पावसाच्या पाण्यातलं सल्फेट, म्हणजे गंधक आणि प्राणवायूचं संयुग, मोजण्यात माझी २२ वर्षं गेली. प्रयोगशाळेत नवीन आलेलं कुणीही पहिल्या आठवड्यात विचारतंच, "मॅडम, हवेत हे गंधक येतं कुठून?" मी तोंडी उत्तर देत नाही. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे करते. तुम्हीही घ्या.

सगळ्यात आधी एकक. आकडा गंधकाचा आहे की सल्फर डायऑक्साइडचा, हे बघितल्याशिवाय तो वहीत चढवू नका. गंधकाचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४. वायूचे टन निम्मे केले की गंधकाचे टन मिळतात. सल्फेटचा भार ९६, म्हणून त्याला तीननं भागायचं. सुरुवातीच्या काळात मी एका तक्त्यात ज्वालामुखी वायूच्या टनात आणि समुद्र गंधकाच्या टनात शेजारी शेजारी मांडले होते. ज्वालामुखी दुप्पट झाले आणि चूक सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक आकड्यापुढे 'गं' किंवा 'डा' लिहिते, आणि शेजारी वर्षही.

आता कागदावर तीन चौकोन काढा: खडक, समुद्र, हवा. खडकांत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) आणि जिप्सम (कॅल्शियमचं सल्फेट). समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट. हवेचा चौकोन अगदी छोटा काढा, पण गंधकाची ये-जा दाखवणारे बाण तिथेच सगळ्यात जास्त लागतील. सल्फर डायऑक्साइड खालच्या हवेत एक-दोन दिवस टिकतो, त्याचं सल्फेट झालं की आणखी काही दिवस, मग पाऊस ते खाली आणतो. इथे शिल्लक राहतच नाही, सतत आवक-जावक चालते.

पहिला बाण समुद्रातून. प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, डायमिथाइल सल्फाइड हा गंधकाचा वायू तयार होतो आणि हवेत निसटतो. समुद्रावरून गंधक जमिनीकडे नेणारा वायू हायड्रोजन सल्फाइड असावा, असं आधी मानत. १९७२ मध्ये जेम्स लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी समुद्राच्या पाण्यातलं मोजमाप दाखवून हा मान डायमिथाइल सल्फाइडला दिला. वर्षाला साधारण दोन ते तीन कोटी टन, 'गं' लावून लिहा.

हायड्रोजन सल्फाइड पाहायचा असेल तर दलदलीतला काळा चिखल उकरा. तो काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. प्राणवायू नसलेल्या जागी जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. चिखल उघड्यावर ठेवला की वरचा थर हळूहळू तपकिरी होतो: गंधक पुन्हा प्राणवायूला भेटलं. हे चक्राचं अर्धं वळण माणसाला डोळ्यांनी बघता येतं, म्हणून मी ते प्रत्येकाला करायला लावते.

ज्वालामुखींच्या नोंदी दोन ठिकाणी करा. शांतपणे धुमसणारे वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड सोडतात (इथे 'डा'!). मोठे उद्रेक वेगळ्या पानावर. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधल्या पिनाटुबोनं दीड ते दोन कोटी टन वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, फेकला. तिथे पाऊस नाही, त्यामुळे सल्फेट वर्ष-दोन वर्षं टिकलं आणि पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली. तो आकडा सालाबादच्या हिशेबात मिसळलात, तर पुढच्या वर्षांचे सगळे आकडे खोटे वाटायला लागतात.

माणसाचा बाण मात्र स्वतः गणित करून काढा. एक टक्का गंधकाचा कोळसा दिवसाला १०,००० टन जाळला, तर गंधक १०० टन आणि वायू २०० टन. राखेत राहणारा थोडा भाग वजा. धूर चुनखडीच्या फवाऱ्यातून नेला असेल, तर जिप्सम होऊन अडकलेलं गंधकही वजा. तांब्याची भट्टी विसरू नका: चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजात वजनानं तांब्यापेक्षा गंधक किंचित जास्तच असतं. जहाजांच्या इंधनात गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. वर्ष लिहायचा आग्रह याचसाठी.

शेवटी आपल्या नमुन्याच्या बाटलीतलं पावसाचं पाणी. समजा, लिटरमागे सल्फेट २.० मिलिग्रॅम आणि सोडियम ३.० मिलिग्रॅम निघालं. हे सगळं सल्फेट धुराचं नाही. लाटांच्या तुषारांबरोबर समुद्राचं मीठही येतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट सोडियमच्या पावपट असतं, म्हणून ३.० ला ०.२५ नं गुणा: ०.७५. ते वजा केल्यावर उरलं १.२५. तीननं भागा: सुमारे ०.४२ मिलिग्रॅम गंधक. हे धुरातून, ज्वालामुखीतून किंवा प्लवकांकडून आलेलं.

वजाबाकी उणे आली तर आधी बाटलीकडे बघा. कुणीतरी झाकणाच्या आतल्या बाजूला उघड्या बोटांनी धरलेलं असतं आणि घामातलं सोडियम नमुन्यात उतरलेलं असतं. तो नमुना बाद करा, हातमोजे घाला आणि पुढच्या पावसाला नवी बाटली लावा.