मेनसेलला रीफ घेताना: दोरी कुठे बांधायची आणि आधी काय ओढायचं

मुंबई बंदरात दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो. 12 नॉटचे 17 झाले की शिडावरचा दाब दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. अशा वेळी मेनसेल (मुख्य शीड) लहान करता, म्हणजे रीफ घेता आलंच पाहिजे, आणि त्याची तयारी मुरिंगवर (बोट बांधून ठेवायच्या बोयावर), हलक्या वाऱ्याच्या सकाळी करायची. फक्त पाणी थांबलेलं असताना करा, नाहीतर बोट वाऱ्याऐवजी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते.

शीड चढवा, पहिल्या रीफपर्यंत उतरवा, शिडाच्या डोलकाठीकडच्या कडेवरचं, म्हणजे पुढचं कडं डोलकाठीजवळच्या हुकात अडकवा, हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) ताठ करा. ह्या जागी हॅलयार्डवर रंगीत दोरा शिवून खूण करा.

आता मागचं कडं. मला सर्वांत जास्त झुंजवलं ते ह्यानेच. इथल्या रीफ लाइनला (ह्या कड्यातून जाणाऱ्या दोरीला) दोन कामं एकदम करायची असतात: कडं बूमवर (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्यावर) खाली आणायचं आणि शिडाचा तळ मागे ताणायचा. नुसती खाली ओढ असेल तर तळाला पोट सुटतं, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड सपाट हवं तेव्हाच ते फुगतं आणि बोट आणखी कलते. नुसती मागे ओढ असेल तर कडं बूमपासून वर तरंगतं आणि मागची कड फडफडत राहते. ‘लाइन बूमच्या टोकाला बांधून टाका’ हा सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. टोकाकडची पुली मागे ओढतेच. खाली ओढायचं काम बांधलेल्या टोकाने करायचं. कडं हाताने खाली-मागे ओढून तळ सपाट करा, बरोबर त्याखाली बूमवर खूण करा आणि खुणेच्या दोन बोटं मागे बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ) बांधा. लाइन तिथून वर कड्यातून, खाली पुलीत आणि मग पुढे विंचकडे (दोरी ओढायच्या चक्राकडे). गाठ पुढे सरकत असेल तर बूमखाली एक डोळा (दोरी बांधायची कडी) बसवून घ्या.

सराव समुद्रात करताना बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर नेऊ नका. बोटीचा वेग मरतो, बूम डोक्यावरून सपासप फिरते आणि शीड फडफडून झिजतं. जिब (पुढचं शीड) वाऱ्याने भरलेलं ठेवा, वारा पुढच्या अंगाने घ्या आणि मेनशीट (बूम आवरणारी दोरी) सैल सोडा. किकर (बूम खाली खेचून धरणारा दोर) सोडायला विसरू नका. तो आवळलेला असेल तर बूम वर येत नाही आणि मागचं कडं कितीही विंच फिरवली तरी खाली बसत नाही. विंच जड लागली की जोर करू नका, काय अडलंय ते बघा. टॉपिंग लिफ्ट (बूमचं मागचं टोक वर धरणारी दोरी) उचला, हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडा, पुढचं कडं अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताठ करा आणि मगच रीफ लाइन ओढा. हा क्रम उलटा केला तर सगळा ताण डोलकाठीजवळच्या स्लाइडवर (शीड डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या सरकत्या कडीवर) येतो आणि ती तुटते. मग टॉपिंग लिफ्ट सैल करा, किकर आणि शीट आवळा.

मधल्या रीफ पॉइंटच्या दोऱ्या फक्त लोंबणारं कापड आवरायला आहेत. त्या सैलच बांधा, सुटतील अशा गाठीने. रीफ काढताना मात्र सगळ्यात आधी ह्याच सोडा, एकेक हाताने चाचपून. एक जरी राहिली आणि रीफ लाइन सोडून हॅलयार्ड ओढलं, तर शीड तिथेच फाटतं.