गोठवलेल्या कॅन्सरपेशी जिवंत करताना

खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचे कॅन्सर संशोधन केंद्र) संस्थेत पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, शिकणाऱ्याची पहिली खरी कसोटी म्हणजे द्रव नायट्रोजनमधली (उणे १९६ अंश) गोठवलेल्या पेशींची कुपी वितळवणे. नियम एकच: गोठवणे सावकाश, वितळवणे झटपट.

आधी फेस शील्ड लावा. झाकणातून आत नायट्रोजन शिरला असेल तर कुपी उबेला येताच फुटते. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये कुपी हलवत धरा, झाकण पाण्याबाहेर ठेवा. मिनिट-दीड मिनिटात हरभऱ्याएवढा बर्फ उरला की काढा. पूर्ण वितळेपर्यंत थांबू नका, कारण गोठवताना घातलेले १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) उबेत पेशींना मारते. ७० टक्के अल्कोहोलने कुपी पुसून मगच हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) उघडा.

आता ९ मिली कोमट माध्यमात (पेशींच्या पोषक द्रावणात) पेशी थेंब थेंब सोडा. घाईने ओतल्या तर पाणी एकदम आत शिरून फुटतात. २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) बलाने ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा, वरचे द्रावण टाका, ५ मिली ताज्या माध्यमात पेशी मिसळून टी-२५ फ्लास्कमध्ये घाला. इन्क्युबेटर ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. दुसऱ्या दिवशी माध्यम बदला. तरंगणाऱ्या पेशी बहुतेक मेलेल्याच असतात.

माध्यम गढूळ झाले तर जिवाणू, हे कुणालाही कळते. छळतो तो मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू: माध्यम स्वच्छच दिसते, साध्या सूक्ष्मदर्शकातून काही कळत नाही, आणि पेनिसिलिन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालते तीच नसल्याने ते निरुपयोगी. दर महिन्याला पीसीआर चाचणी करा. सापडलाच तर मोह न धरता फ्लास्क फेका.