इस्रायलच्या राजकारणावर पॉडकास्ट करताय? ६१ चा आकडा धरून ठेवा, या चुका टाळा

मराठीत इस्रायलवर बोललं जातं ते मोसादच्या मोहिमांवर, ठिबक सिंचनावर, नाहीतर युद्धावर. क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, कोण कोणाच्या जोरावर सत्तेत बसलंय याची नीट फोड करणारं मराठीत फारसं ऐकायला मिळत नाही. म्हणून कोणी असा पॉडकास्ट सुरू केला की मला मनापासून आनंद होतो, आणि थोड्या भागांनंतर तो गळाठला की तितकंच वाईट वाटतं. ‘लोकांना युद्ध ऐकायचं असतं, राजकारण नको असतं’ असं मग त्या होस्टकडून ऐकू येतं. मला हे पटत नाही. महाराष्ट्रातला श्रोता आघाड्या, फोडाफोडी, पाठिंब्याची पत्रं आणि रातोरात बदललेली सरकारं बघून तयार झालेला आहे. १४५ चा आकडा ज्याला तोंडपाठ आहे, त्याला ६१ समजायला वेळ लागत नाही. तो सोडून जातो, कारण अर्धा तास ऐकूनही जे घडलं ते का घडलं हे त्याच्या हाती लागत नाही.

बातमी सांगितली, गणित सांगितलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

क्नेसेटच्या जागा १२०. बहुमत ६१. अख्खा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला, आणि आजवर एकाही पक्षाला निवडणुकीत स्वबळावर ६१ गाठता आलेले नाहीत. म्हणजे तिथला प्रत्येक पंतप्रधान कोणाच्या तरी टेकूवर उभा असतो. पंतप्रधान काय बोलले यापेक्षा टेकू देणारा काय मागतोय, हा प्रश्न श्रोत्याला जास्त काळ धरून ठेवतो.

जून २०२५ चं उदाहरण घ्या. हरेदी, म्हणजे कडव्या धर्मनिष्ठ ज्यूंच्या पक्षांची सैन्यभरतीवरून नाराजी होती आणि क्नेसेट बरखास्त करण्याचं विधेयक मतदानाला आलं. ‘सरकार कोसळणार’ अशी हवा सगळीकडे झाली. १२ जूनला ते ६१ विरुद्ध ५३ मतांनी पडलं. आदल्या दिवशी ‘नेतान्याहूंचे शेवटचे तास’ असं शीर्षक देणाऱ्याचा भाग दुसऱ्या दिवशी शिळा झाला आणि विश्वासही गेला. त्याऐवजी होस्टने एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं, की हे फक्त प्राथमिक वाचन आहे, मंजूर झालं तरी पुढे समिती आणि आणखी तीन वाचनं बाकी आहेत. अविश्वास ठराव आणायचा तर ६१ जणांनी पर्यायी सरकारही त्याच ठरावात पुढे करावं लागतं, म्हणून तो रस्ता फारसा चालत नाही. तिसरा धोका अर्थसंकल्पाचा. निवडणूक नसलेल्या वर्षी तो ३१ मार्चपर्यंत मंजूर झाला नाही तर क्नेसेट आपोआप बरखास्त होते. डिसेंबर २०२० मध्ये लांबवलेली मुदत संपली आणि सरकार असंच गेलं. या तीन वाटा पहिल्याच भागात सांगून टाका. नंतरच्या प्रत्येक संकटात ‘यातली कोणती वाट?’ एवढं विचारलं की श्रोता स्वतःच अंदाज बांधू लागतो. असा श्रोता पुढचा भाग चुकवत नाही.

भागाच्या सुरुवातीला ‘आज सत्ताधाऱ्यांकडे किती?’ एवढं एक वाक्य कायम ठेवा. १३ जून २०२१ ला बेनेट-लापिद सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी आलं. त्यात आठ पक्ष होते, आणि निवडणुकीत जेमतेम सात जागा मिळवलेल्या पक्षाचे नफ्ताली बेनेट पंतप्रधान झाले. एप्रिल २०२२ मध्ये ईदित सिलमन या त्यांच्याच पक्षाच्या आमदार बाहेर पडल्या आणि बरोबर ६०-६० झालं. १ नोव्हेंबरला परत निवडणूक. एप्रिल २०१९ पासूनची ती पाचवी. एका आमदाराच्या निर्णयात इतकं नाट्य भरलेलं असताना श्रोते टिकत नसतील, तर सांगण्यातच काहीतरी राहतंय.

उजवे-डावे एवढ्यावर भागवणं

तिथे डावं-उजवं हे प्रामुख्याने पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून आणि सुरक्षेवरून ठरतं, अर्थकारणावरून कमी. शिवाय धर्म आणि शासन यांचं नातं ही वेगळी रेघ आहे, आणि नेतान्याहूंसोबत बसायचं की नाही ही आणखी वेगळी.

या रेघा एकमेकींना छेदतात कशा हे दाखवायला एप्रिल २०१९ सारखं प्रकरण नाही. निकालानंतर उजव्या आणि धार्मिक पक्षांच्या मिळून ६५ जागा होत्या. सरकार सहज बनायला हवं होतं. पण त्यातल्या पाच जागा अविग्दोर लिबरमन यांच्या होत्या. सुरक्षेच्या बाबतीत कडवे उजवे असलेले हे गृहस्थ हरेदी तरुणांच्या सैन्यभरतीच्या कायद्यावर अडून बसले. त्यांच्याशिवाय नेतान्याहूंकडे ६० उरले. एक कमी. मेअखेरीस क्नेसेट बरखास्त झाली. ‘उजव्यांचा विजय’ म्हणून भाग संपवलेल्या होस्टला हे समजावताच येणार नाही. मुळाशी १९४८ ची सवलत आहे. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना सैन्यसेवेतून सूट दिली होती. संख्या वाढत गेली, वाद चिघळत गेला, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सूट देणारा कायदाच नसल्यामुळे सरकारने या तरुणांना भरती करायलाच हवं. वरचं जून २०२५ चं संकट याचंच पुढचं पान. या एका विषयावर तीन सलग भाग सहज होतात आणि करावेत.

साप्ताहिक जनमत चाचण्यांचं पारायण

‘या आठवड्यात लिकुड (नेतान्याहूंचा पक्ष) अमुक, तमुक पक्ष एकने वर’ हे ऐकून कोणाच्याच हाती काही लागत नाही. एका-दोन जागांचा फरक बहुतेक वेळा चाचणीच्या चुकीच्या मर्यादेतच बसतो. बघायचं असतं उंबरठ्याकडे. एकूण वैध मतांच्या ३.२५ टक्के मिळाले नाहीत तर त्या यादीला एकही जागा मिळत नाही, मिळाले तर साधारण चार. अधलंमधलं काही नाही. २०२२ मध्ये नेतान्याहूविरोधी गोटातला मेरेत्झ हा डावा पक्ष ३.१६ टक्क्यांवर अडकला, बलाद हा अरब पक्षही खालीच राहिला. दोन्ही बाजूंची एकूण मतं जवळपास सारखी असूनही नेतान्याहूंच्या बाजूला ६४ जागा गेल्या. चाचणीचा भाग करायचाच असेल तर ‘उंबरठ्यावर कोण लटकलंय आणि ते पडले तर फायदा कोणाचा?’ एवढाच करा.

‘इस्रायलला वाटतं’ असं बोलणं

कोणाला वाटतं? सरकारला, लष्कराला, सर्वोच्च न्यायालयाला, की तेल अवीवच्या काप्लान रस्त्यावर शनिवारी रात्री उतरलेल्या आंदोलकांना? ४ जानेवारी २०२३ ला न्यायमंत्री यारिव लेविन यांनी न्यायव्यवस्थेतल्या बदलांची घोषणा केल्यावर हीच मंडळी कित्येक महिने एकमेकांसमोर उभी होती. जुलैमध्ये न्यायालयाचा ‘वाजवीपणा’चा निकष, म्हणजे सरकारचा निर्णय अवाजवी वाटला तर तो रद्द करण्याचा अधिकार, काढून टाकणारी दुरुस्ती ६४ विरुद्ध शून्य मतांनी झाली, कारण विरोधकांनी बहिष्कार टाकला होता. १ जानेवारी २०२४ ला पंधरा न्यायाधीशांच्या पीठाने ती ८ विरुद्ध ७ अशी रद्द केली. यावर बोलताना आपल्याकडच्या केशवानंद भारती निकालाची (संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही, असं सांगणाऱ्या) आठवण काढायला हरकत नाही, पण तिथे लिखित राज्यघटना नाही, फक्त मूलभूत कायदे आहेत, हे आधी सांगा.

याच चुकीचा दुसरा चेहरा म्हणजे अरब नागरिकांना विसरणं. इस्रायलच्या नागरिकांमध्ये साधारण पाचातला एक अरब आहे. तो मतदान करतो, निवडून येतो. २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा राआम हा सत्ताधारी आघाडीत सामील झालेला पहिला स्वतंत्र अरब पक्ष ठरला. दुसरीकडे वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनींना क्नेसेटसाठी मत नाही, पण वेस्ट बँकमधल्या वसाहतींत राहणाऱ्या इस्रायली नागरिकांना आहे. हा फरक पुन्हा पुन्हा सांगा. नव्याने आलेल्या श्रोत्याचा गोंधळ बहुतेक इथेच होतो, आणि ‘मला काही कळत नाहीये’ असं वाटलं की तो कोणाला न विचारता निघून जातो.

हाताशी असलेला दुवा न वापरणं

मराठी श्रोत्यासाठी धर्म आणि शासन हा विषय उघडायची किल्ली आपल्याच कोकणात आहे. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या परिसरातले बेने इस्रायली ज्यू, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, इस्रायलला गेले आणि दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद अशा शहरांत स्थिरावले. तिथे ज्यूंचं लग्न रब्बी मंडळाच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेच्या हाती असतं, नागरी विवाहाची सोय देशात नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला, त्यांच्याच ज्यू असण्यावर शंका! या मराठी बोलणाऱ्या माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर आदेशातून त्यांचा उल्लेख निघाला.

हा भाग ऐकलेल्या श्रोत्याला ‘रब्बी मंडळाची सत्ता’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण बेने इस्रायली पाहुणे बोलावले तर त्यांना फक्त पुरणपोळी आणि आठवणींवर बोलतं ठेवू नका. त्या मावशींना किंवा काकांना विचारा की त्यांच्या गावात कोणत्या पक्षाचं काय चालतं, नातू सैन्यात असताना भरतीच्या कायद्याबद्दल काय वाटतं. आणि त्या एका घरावर सगळ्या समाजाचं मत म्हणून शिक्का मारू नका.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यावर उपाय

*पहिल्या काही मिनिटांतच श्रोते गळतात.* स्पॉटिफाय आणि ॲपल दोन्हीकडे भाग कुठे सोडला गेला याचा आलेख निर्मात्याला दिसतो. घसरण झालेल्या जागी काय बोललात ते परत ऐका. लांबलचक स्वागत असेल तर कापा. बऱ्याचदा तिथे नावांची रांग सापडते, एका दमात सात नेते, चार पक्ष. एका भागात चार-पाचच नावं ठेवा आणि प्रत्येकाला एक खूण द्या. आर्ये देरी म्हणजे शास या हरेदी पक्षाचे नेते, ज्यांना जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंत्रिपदासाठी अपात्र ठरवलं. पुढच्या भागातही तीच खूण.

*भाग येईपर्यंत बातमी बदलते.* क्नेसेटची बैठक सोमवार ते बुधवार, मंत्रिमंडळाची साधारणपणे रविवारी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बात, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. म्हणून गुरुवारी ध्वनिमुद्रण करून त्याच रात्री भाग दिला तर आठवडाभराचा हिशेब हाती असतो. अधिवेशन नसतं तेव्हा बातम्या ओढूनताणून आणू नका, तो काळ १९४८ च्या सवलतीसारख्या जुन्या विषयांसाठी राखून ठेवा.

*पाहुण्यांचं इंग्रजी ऐकून लोक बंद करतात.* मूळ आवाज दोन-तीन वाक्यं ठेवा, मग मराठीत सांगा. दूरच्या पाहुण्याचा आवाज त्यांच्याच यंत्रावर वेगळा मुद्रित करून मागवा.

*एकतर्फी म्हणून शिव्या पडतात.* आधी स्वतःचे स्रोत तपासा. हाआरेत्झ डावीकडे झुकलेलं, इस्रायल हायोम उजवीकडे, चॅनल १४ उघडपणे नेतान्याहूंच्या बाजूचं. एकाच ठिकाणचं वाचून बोललं की ते ऐकू येतंच. युद्धाच्या काळात प्रत्येक आकड्याला धनी द्या. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं, हे इस्रायली अधिकाऱ्यांचे आकडे. गाझातल्या मृतांचे आकडे तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे. दोन्हीकडची माणसं माणसं म्हणूनच सांगा, आणि त्या वाक्यांखाली संगीत लावू नका. भारतातल्या आपल्या आवडत्या पक्षाला टाळी मिळवून द्यायला इस्रायल वापरू नका. त्याने पहिल्या आठवड्यात श्रोते मिळतात, पण ते क्नेसेट समजून घ्यायला आलेले नसतात.

मतमोजणीच्या रात्रीची घाई

तिथे मतदान रात्री दहाला संपतं आणि त्याच क्षणी वाहिन्यांचे एक्झिट पोल येतात. आपल्याकडे तेव्हा साडेबारा, हिवाळी वेळेत दीड वाजलेला असतो. थेट कार्यक्रम करायचा मोह होतो आणि तो जरूर करा. मात्र १९९६ लक्षात ठेवा. पंतप्रधानाची थेट निवडणूक होती, रात्री शिमॉन पेरेस पुढे दिसत होते आणि सकाळी नेतान्याहू तीस हजारांहूनही कमी मतांनी जिंकले होते. शिवाय सैनिक, रुग्णालयातले रुग्ण, कैदी आणि परदेशातले राजनैतिक अधिकारी यांची मतं दुहेरी लिफाफ्यात येतात आणि शेवटी मोजली जातात. एप्रिल २०१९ मध्ये बेनेट यांचा पक्ष याच लिफाफ्यांवर आस लावून बसला होता. शेवटी सुमारे दीड हजार मतं कमी पडून तो उंबरठ्याच्या खाली राहिला, आणि लिबरमन अडून बसल्यावर नेतान्याहूंना जो एकसष्टावा लागत होता तो कुठून आणायचा हा प्रश्न तसाच उरला. म्हणून रात्रीच्या थेट भागात ‘जिंकले’ हा शब्द वापरू नका. ६१ किती दूर आणि उंबरठ्यावर कोण, एवढंच सांगत राहा, आणि निकालाचा खरा भाग दुहेरी लिफाफे मोजून झाल्यावर करा.