डिजिटल नागरिकत्व शिकवताय? या चुका टाळा

डिजिटल नागरिकत्व म्हणजे ऑनलाइन जगात जबाबदारीने आणि सावधपणे वागणं. पण कॉलेजातली ‘सायबर जागृती’ म्हणजे बहुधा एका दिवसाचा कार्यक्रम. दीपप्रज्वलन, पीपीटी, ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ आणि शेवटी हजेरीच्या सह्या. असे दोन-तीन मीही उरकले आहेत. मागच्या बाकांवर रील्स चालू होत्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोरांना फक्त ‘फसवले जाणारे’ समजणं. ती फसवणुकीत सामीलही होतात, तेही नकळत. नाशिकच्या गंगापूर रोडला खोली करून राहणाऱ्या मुलाला कुणीतरी म्हणतं, ‘तुझं खातं आठवडाभर वापरू दे, कमिशन देतो.’ एटीएम कार्ड आणि सिम हातात पडलं, की कुणाचे तरी लुटलेले पैसे त्या खात्यातून फिरतात. खातं गोठतं आणि पोलीस याच्याच दारात येतात. वर्गात ‘मनी म्यूल’ म्हटलं तर कुणी हलत नाही. ‘खातं भाड्याने’ म्हणा, एखाददुसरी मान खाली जाते. तिथे रागावू नका. आधीच खातं दिलं असेल तर कार्ड लगेच ब्लॉक करायचं, बँकेला लेखी कळवायचं, आलेल्या पैशाला हात लावायचा नाही, चॅट पुसायचं नाही आणि घरी सांगायचं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड.

अफवांवर भाषण देणं ही दुसरी चूक. दर पावसाळ्यात गोदेच्या पुराचे जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. त्यातला एक वर्गात लावा आणि विचारा, हा आजचा की 2019 चा? दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदेकाठच्या ज्या मूर्तीवरून पूर मोजतात तिला, पाणी कुठवर लागलंय? गंगापूर धरणातून आज विसर्ग किती आहे? पाच मिनिटांत पोरं स्वतःच छडा लावतात. मग 1 जुलै 2018 सांगा: मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं, पोलिसांनी वाचवलं.

स्लाइड जुन्या असतील तर बदला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं) सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलं, तरी ते अजून दाखवलं जातं. ओळख चोरण्यासाठी 66सी आणि तोतयेगिरीने फसवण्यासाठी 66डी सांगा. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर तिथल्या तिथे फोनमध्ये सेव्ह करायला लावा. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

पोरं बोलतच नसतील तर निनावी चिठ्ठ्या घ्या. माझ्या डब्यात पहिलीच निघाली: ‘सर, आमचे मार्क मोबाइल नंबरासकट ग्रुपवर का टाकता?’ ती पीडीएफ मीच टाकली होती. त्याच संध्याकाळी ग्रुपवरून काढली, पण तोवर ती किती फोनांत उतरली होती कोण जाणे.