एसीएलचं ऑपरेशन झालंय? आधी गुडघा सरळ करा, मग बाकीचं

माझा उजवा गुडघा कबड्डी खेळताना गेला, वळलो आणि आत टक्कन आवाज झाला, एसीएल तुटलं, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा. एमआरआय, ऑपरेशन वगैरे सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देतो. घरी आल्यावर आईने मायेने गुडघ्याखाली जाड उशी ठेवली, मलाही बरं वाटायचं, आठवडाभर तसाच पडून राहिलो. फिजिओ आले आणि सगळ्यात आधी ती उशी काढून घेतली. कारण वाकलेल्या अवस्थेत गुडघा आखडला की तो नंतर पूर्ण सरळ करायला जाम घाम निघतो, चाल लंगडी राहते ते वेगळंच.

म्हणजे उशी ठेवायचीच तर टाचेखाली. टॉवेलची गुंडाळी करून टाच त्यावर टेकवा, गुडघा मागून अधांतरी राहू द्या, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ताण येतो, शिव्या द्याव्याशा वाटतात, पण पहिल्या दोन आठवड्यातलं मुख्य काम हेच. त्याच्या जोडीला मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. बोट वाटीवर ठेवून बघा, ती वर सरकली पाहिजे. नाही सरकली तर स्नायू अजून झोपलेलाच आहे. सूज असली की तो जागा होत नाही म्हणून बर्फ, पण कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटंच.

आता आत काय चाललेलं असतं ते कळलं की घाई आपोआप कमी होते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला ड्रिलने भोक पाडून त्यातून ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा, ओवलेला असतो आणि स्क्रू किंवा बटणाने अडकवलेला असतो. वाटीखालचा टेंडन घेतला असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, हाडाला हाड साधारण 6 आठवड्यात धरतं. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा असेल तर टेंडनला हाडात रुजायला 8 ते 12 आठवडे लागतात. तोपर्यंत सगळा भार त्या स्क्रूवर. त्यात ग्राफ्टचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, शरीर तो आतून मोडून नव्याने बांधत असतं, त्यामुळे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात कच्चा असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, वॉकर सुटलेला असतो, आणि मित्र विचारतात काय मग, येतोस का रविवारी. नाही जायचं.

हॅमस्ट्रिंगवाल्यांनी अजून एक बघा, बाथरूमबाहेरची चप्पल टाचेने ओढून जवळ घ्यायची सवय असते ना, तीच हालचाल पहिले 6-8 आठवडे टाळायची. मी एकदा विसरून केलं, मांडीच्या मागे अशी कळ गेली की तिथेच भिंत धरून उभा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. कमोडची सोय करून घ्या, उकिडवं आणि मांडी घालून बसणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद, पंगतीत खुर्ची मागायला लाजू नका. मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीसारख्या कूर्चेला टाके घातले असतील तर वजन किती टाकायचं, किती वाकवायचं हे गणितच वेगळं असतं, शेजारच्या बेडवाल्याची कॉपी मारू नका. आणि सिगरेट ओढत असाल तर ती बंद, भरून यायला त्याने उशीर होतो.

पुढे सायकल, मग अर्ध्या बैठका, एका पायावर तोल, आणि ताकद आली असेल तरच तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हलकं धावणं. खेळायचं मात्र 9 महिन्यांच्या आधी नाही, आणि ते पण नुसतं कॅलेंडर बघून नाही. फिजिओ दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर लांब उडी मारायला लावतात, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के यायला हवा. माझं नवव्या महिन्यात 82 आलं, परत जिममध्ये पाठवलं.

पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला किंवा टाक्यातून पाणी यायला लागलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.