गुलाबी कागद हातात पडल्यापासून लायसन्स परत मिळेपर्यंत: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, की पोलीस तुमचं इथलं लायसन्स काढून घेतात आणि हातात एक गुलाबी कागद देतात. सुटून घरी आल्यावर बहुतेक जण तो गाडी टो केल्याच्या पावतीबरोबर ड्रॉवरमध्ये टाकतात आणि कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसतात. पहिलं नुकसान इथंच होतं. त्या एका कागदात तीन गोष्टी असतात: लायसन्स सस्पेंड होणार असल्याची नोटीस, ३० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स आणि हिअरिंग मागायची मुदत. ही मुदत १० दिवसांची, शनिवार-रविवार धरून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एका रात्रीच्या इथं दोन केसेस होतात. एक कोर्टात, दुसरी डीएमव्हीत, म्हणजे आपल्या भाषेत इथल्या आरटीओत. कोर्ट दंड, प्रोबेशन, वर्ग, वेळ आली तर तुरुंग बघतं. डीएमव्ही फक्त लायसन्स बघतं, आणि कोर्टाचा निकाल लागायची वाट बघत नाही. त्यामुळे ‘वकील कोर्टात बघून घेईल’ हे वाक्य अर्धंच खरं. वकील ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा, की डीएमव्हीचं हिअरिंग फीमध्ये धरलंय का, आणि ते कोण मागणार.

हिअरिंग मागायचं ते डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी ऑफिसकडे. जिथं रांगेत उभं राहून लेखी परीक्षा दिली, त्या फ्रीमाँट किंवा सांता क्लाराच्या खिडकीवर हे काम होत नाही, आणि तिथं खेटे घालण्यात दहातले चार दिवस सहज जातात. मागताना ‘स्टे’ही मागा, म्हणजे निकाल लागेपर्यंत सस्पेंशन थांबतं. हिअरिंगमध्ये प्रश्न मोजकेच असतात: अडवायला आणि अटकेला रीतसर कारण होतं का, आणि रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्के किंवा जास्त होतं का. ‘नोकरीला गाडी लागते’, ‘मुलं लहान आहेत’ यातलं काही तिथं चालत नाही.

आकड्याबद्दल एक गैरसमज. भारतात मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. इथं ०.०८. म्हणून इथं सैल आहे असं वाटतं, पण ०.०८ च्या खाली असूनही गाडी नीट चालवता येत नव्हती असं दिसलं, तर वेगळ्या कलमाखाली केस होतेच. गांजा कॅलिफोर्नियात कायदेशीर असला तरी तो ओढून गाडी चालवणं डीयूआयच, म्हणजे नशेत गाडी चालवण्याचा गुन्हाच. २१ वर्षांखालच्यांना ०.०१ लाही वर्षभर लायसन्स जातं. घरातलं कोणी इथं अंडरग्रॅज्युएटला असेल तर त्याला हे वेळेवर सांगून ठेवा.

पहिल्याच वेळेचा गुन्हा असेल तर डीएमव्हीचं सस्पेंशन ४ महिन्यांचं. अटकेनंतर श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट द्यायला नकार दिला असेल तर १ वर्ष. नकार दिला की पुरावाच राहत नाही, हा सल्ला पार्टीत हमखास मिळतो, आणि तो महागात पडतो. कोर्टात दोषी ठरल्यावर डीएमव्ही आणखी ६ महिन्यांचं सस्पेंशन लावतं. दोन्ही काळ एकमेकांवर चढतात, म्हणून सरसकट बेरीज करून १० महिने धरू नका. पण शेवटची तारीख जी उशिराची तीच खरी. दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कोर्टामुळे २ वर्षं, तिसऱ्यांदा ३. आणि या १० वर्षांत ‘वेट रेकलेस’वर, म्हणजे दारूची नोंद राहून बेदरकार ड्रायव्हिंगच्या हलक्या गुन्ह्यावर, मिटलेली केसही मोजली जाते. ती कोर्टात हलकी वाटते, पण डीएमव्हीचे ४ महिने त्याने पुसले जात नाहीत.

आता मधल्या काळात गाडी चालवायची कशी? पहिल्या वेळी, कोणाला इजा झालेली नसेल आणि टेस्टला नकार दिलेला नसेल, तर दोन वाटा आहेत. एका वाटेत ३० दिवस गाडीला अजिबात हात लावायचा नाही आणि मग कामापुरतं लायसन्स मिळतं. कामापुरतं म्हणजे अक्षरशः कामापुरतं: घर ते ऑफिस, ऑफिसचं काम, डीयूआयचा वर्ग. मुलांना शाळेत सोडणं, शनिवारची मराठी शाळा, इंडियन ग्रोसरी, मंडळाच्या गणपतीची तयारी, हे काहीच त्यात बसत नाही. दुसरी वाट म्हणजे गाडीत इग्निशन इंटरलॉक बसवायचं. २०१९ पासून ही सोय सगळ्या राज्यात आहे. ते बसवलं की ३० दिवस थांबावं लागत नाही आणि कुठंही जाता येतं. लहान मुलं असलेल्या घरांना आम्ही दुसरीच वाट सुचवतो. घरातून काम करत असाल किंवा बार्टने, म्हणजे बे एरियातल्या लोकलने, जात असाल आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवणारं असेल, तर उगाच खर्चात पडू नका. सस्पेंशन संपेपर्यंत शेजारच्या सीटवर बसा.

इंटरलॉक हे हातात मावेल एवढं यंत्र, जाड वायरने डॅशबोर्डखाली जोडलेलं. फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. शिवाय चालू गाडीत मध्येच बीप वाजते आणि पुन्हा फुंकावं लागतं. फुंकायची एक ठरावीक तऱ्हा असते, ती बसवणारा शिकवतो. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा ती चुकते, म्हणून सकाळच्या मीटिंगला दहा मिनिटं आधी निघा. ती गाडी बायको किंवा नवरा चालवणार असेल तर त्यांनाही फुंकावंच लागतं. दर ६० दिवसांनी यंत्र तपासून घ्यायचं. तारीख चुकवली तर कंपनी डीएमव्हीला कळवते. भाड्याची किंवा मित्राची गाडी, ज्यात यंत्र नाही, ती चालवायची नाही.

हे यंत्र फक्त दारू ओळखत नाही, तोंडात उरलेलं कुठलंही अल्कोहोल ओळखतं. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे टिंक्चरचे थेंब, आणि आपल्या घरांतला खास संशयित: आईने सामानात घालून पाठवलेलं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट. आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे अल्कोहोल तयार झालेलंच असतं. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. ते घेऊन लगेच फुंकलं तर यंत्र नापास करतं. तोंडातलं अल्कोहोल साधारण १५ मिनिटांत जातं, म्हणून पाण्याने चूळ भरा, थांबा आणि पुन्हा फुंका. तो काळ संपेपर्यंत आसवं बंद ठेवलेलीच बरी.

लायसन्ससाठी डीएमव्हीत तीन कागद आणि एक फी पोचावी लागते. पहिला कागद डीयूआय प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅम राज्याच्या आरोग्य सेवा विभागाने मान्यता दिलेला हवा. ऑनलाइन जाहिरातीतला ‘आठ तासांत सर्टिफिकेट’वाला नाही, आणि दुसऱ्या राज्यातलाही नाही. पहिल्या वेळी साधारणतः ३ महिने, ३० तास. अल्कोहोल ०.२० किंवा वर असेल किंवा टेस्ट नाकारली असेल तर ९ महिने, ६० तास. दुसऱ्या वेळी १८ महिने. नाव घातल्याचा दाखला डीएल १०७, पूर्ण केल्याचा डीएल १०१. दोन्ही प्रोग्रॅमवाले डीएमव्हीला पाठवतात. गैरहजेरीला मर्यादा असते. मध्येच तीन आठवडे पुण्याला जायचं असेल तर आधी लेखी रजा मंजूर करून घ्या. न सांगता गेलात तर नाव कटतं, डीएमव्हीला कळवलं जातं आणि कामापुरतं लायसन्सही जातं.

इथं आपल्या नावांचा घोळ होतो. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. डीएमव्हीत त्यातलं मधलं कुठंतरी चिकटलेलं. प्रोग्रॅममध्ये मात्र आपण ऑफिसात सांगतो तसं दोनच शब्दांत नाव सांगतो. कागद पोचतो, पण तुमच्या फाइलला लागत नाही. प्रोग्रॅम, इन्शुरन्स, इंटरलॉक, तिन्ही ठिकाणी लायसन्सवर आहे अगदी तसंच नाव आणि लायसन्सचा नंबर द्या.

दुसरा कागद एसआर-२२. हा वेगळा इन्शुरन्स नव्हे. तुमचा इन्शुरन्स चालू आहे असं कंपनीने डीएमव्हीला दिलेलं प्रमाणपत्र. ते ३ वर्षं चालू राहावं लागतं. सगळ्याच कंपन्या ते देत नाहीत. गाडी विकली असेल तर गाडी नसलेल्यांची नॉन-ओनर पॉलिसी मिळते. सर्वांत जास्त चूक इथं होते: स्वस्त कंपनी सापडली म्हणून जुनी पॉलिसी आधी बंद केली, नवीन एसआर-२२ चार दिवसांनी गेलं, आणि मधल्या फटीत लायसन्स पुन्हा सस्पेंड. आधी नवीन पोचू द्या, मग जुनी बंद करा.

तिसरा कागद, इंटरलॉक घेतलं असेल तरच, डीएल ९२०, म्हणजे यंत्र बसवल्याचा दाखला. आणि डीएमव्हीची रीइश्यू फी १२५ डॉलर. कोर्टाचा दंड वेगळा: मूळ रक्कम ३९० ते १,००० डॉलर, पण त्यावर राज्याचे आणि काउंटीचे अधिभार चढून ती काही पटींनी वाढते.

सस्पेंशनची तारीख उलटली म्हणजे लायसन्स आपोआप परत येत नाही. डीएल १०१, एसआर-२२ किंवा फी, यातलं एकही राहिलं असेल तर तुम्ही सस्पेंडेडच. तसं चालवताना सापडलात तर तो स्वतंत्र गुन्हा, आणि कोर्टात दोषी ठरून सस्पेंड झाला असाल तर पहिल्याच वेळी किमान १० दिवसांच्या तुरुंगाचा. म्हणून डीएमव्हीच्या साइटवर २ डॉलर भरून आपलं ड्रायव्हर रेकॉर्ड उतरवून घ्या आणि तिथं लायसन्स चालू दिसल्यावरच किल्लीला हात लावा. पत्रं जुन्या पत्त्यावर जातात, हेही नेहमीचंच. घर बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, कळवतोच, तेच १० दिवस डीएमव्हीलाही लागू आहेत.

भारतातलं लायसन्स दाखवून चालवता येईल का, हा प्रश्न दरवेळी येतो. नाही. सस्पेंड होतो तो कॅलिफोर्नियात गाडी चालवायचा हक्क, प्लास्टिकचं कार्ड नव्हे. टेक्सासला नोकरी घेऊनही सुटका नाही, कारण राज्यं अशी माहिती एकमेकांत तपासतात आणि कॅलिफोर्नियाचा होल्ड दिसला की नवीन लायसन्स अडतं. कायमचे दुसऱ्या राज्यात किंवा भारतात गेला असाल तर सस्पेंशनचा काळ संपल्यावर इथल्या प्रोग्रॅममधून आयुष्यात एकदा सूट मागता येते. ३ वर्षांच्या आत कॅलिफोर्नियात परत आलात तर मात्र तो प्रोग्रॅम करावाच लागतो.

व्हिसावर असलेल्यांचं लायसन्स आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या नोंदीच्या, तारखेशी बांधलेलं असतं. सस्पेंशन संपेपर्यंत ती तारीख उलटली असेल तर मुदतवाढीचे कागदही सोबत न्यावे लागतात, नाहीतर फी भरूनही रिकाम्या हाताने परत यावं लागतं. अटक झाल्यावर, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, वकिलातीकडून व्हिसा रद्द केल्याचा ईमेल येऊ शकतो. त्याने इथला तुमचा स्टेटस जात नाही, नोकरी चालू राहते. पण देशाबाहेर पडलात की नवीन व्हिसा लागतो. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मवर अटकेच्या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं, मग मुंबईच्या मुलाखतीनंतर वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. गेल्या ५ वर्षांत एक अटक असली तरी ही तपासणी लागते. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत दोन आठवड्यांची रजा घेऊन जायचा बेत असेल तर परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा आणि मॅनेजरला आधी सांगून ठेवा.

पुढं ग्रीन कार्डच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जातही ही अटक लिहावी लागते, कोर्टाने केस नंतर काढून टाकली असली तरी. प्रोबेशन चालू असताना नागरिकत्व मंजूर होत नाही, आणि डीयूआयचं प्रोबेशन ३ ते ५ वर्षांचं असतं. कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाच्या शिक्क्याच्या चार प्रती आत्ताच घ्या, कारण कोर्टं जुनी रेकॉर्ड्स कायम ठेवत नाहीत. एक प्रत पासपोर्टच्या फाइलमध्ये, एक वकिलाकडे, दोन घरी.