जाळलेल्या गावातली माणसं कागदांत कशी शोधायची

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जाळलेल्या गावातला माणूस शोधताना बहुतेकजण थेट नाव टाकून बघतात आणि ‘नोंद नाही’ दिसलं की थांबतात. सुरुवात गावापासून करा, आणि कोणाला कुठे नेलं ते आधी लावून घ्या.

चेक प्रदेशातलं लिडित्से घ्या. तिथला बडा नाझी अधिकारी हायड्रिख याच्या हत्येचा सूड म्हणून १० जून १९४२ रोजी तिथल्या १७३ पुरुषांना होराक यांच्या शेतवाडीत गोळ्या घातल्या. बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडलं. ८२ मुलांना पोलंडमधल्या खेल्मनोच्या मृत्युछावणीत विषारी वायूने मारलं. म्हणजे एकाच घराचे कागद तीन दिशांना गेले. जर्मनीतल्या आरोल्सन संग्रहात छावण्यांची कार्डं आहेत, ऑनलाइन शोध फुकट आहे. तिथे बायका सापडण्याची शक्यता जास्त. जागीच मारलेल्या पुरुषाचं छावणीचं कार्ड बनेलच कसं? त्याच्यासाठी चर्चची जन्मनोंद आणि स्मारकाची यादी बघा.

आडनावात हमखास चूक होते. नोव्हाक घरातली बाई चेक नोंदीत नोव्हाकोव्हा असते आणि जर्मन कारकून अक्षरांवरची चिन्हं गाळतो. दोन्ही रूपं, चिन्हांसकट आणि चिन्हांशिवाय, शोधा. गावांचंही तेच: खेल्मनो जर्मन कागदांत कुल्महोफ असतं.

मारेकऱ्यांचे अहवाल वाचताना शब्दांवर विसंबू नका, आकडे शेजारी-शेजारी मांडा. १९४३च्या ‘कॉटबुस’ या बंडखोरविरोधी जर्मन मोहिमेत बेलारूसमध्ये ४,५०० ‘शत्रू’ ठार झाल्याचं कळवलं गेलं. हाती लागल्या ४९२ रायफली. म्हणजे या मृतांत शेतकरी बरेच असणार, हे तिथला नाझी प्रशासक कुबे यानेच वरिष्ठांना लिहिलं होतं. ‘टोळीवाला असल्याचा संशयित’ (टोळीवाला म्हणजे नाझींच्या भाषेत सशस्त्र बंडखोर) असं दिसलं की बहुधा निःशस्त्र गावकरी समजा. ‘विशेष वागणूक’ म्हणजे सहसा ठार मारणं.

मृतांचा आकडा टिपताना त्यात कोण धरलंय तेही टिपा. लिडित्सेचे १७३ फक्त शेतवाडीतले. नंतर गोळ्या घातलेले पुरुष, छावण्यांत मेलेल्या बायका आणि मेलेली मुलं धरून ३४० होतात. दोन्ही बरोबर आहेत, भांडण लावू नका. यादी मात्र बदलते. नाझींनी असंच जाळलेल्या फ्रान्समधल्या ओरादूर-स्युर-ग्लान गावाचे बळी कित्येक वर्षं ६४२ मोजले जात. स्पेनहून आलेल्या एका निर्वासित बाईचं नाव पंचाहत्तरेक वर्षांनी हाती लागलं आणि ६४३ झाले. जुन्या पुस्तकात ६४२ दिसलं तर खोडू नका, शेजारी आवृत्तीचं साल लिहून ठेवा.